जुन्या मारुती ८०० मधून पेट्रोल गळतंय? पाना उचलायच्या आधी वास कधी येतो ते बघा

आमच्याकडे ९६ सालची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे, बाबांनी घेतलेली, आता माझ्या ताब्यात. दोन-तीन वर्षांपूर्वी एक दिवस सोसायटीचा वॉचमन म्हणाला, साहेब तुमच्या गाडीपाशी पेट्रोलचा वास येतोय, बिडी पेटवायची भीती वाटते. मी लगेच गाडी गॅरेजला नेली, त्यांनी बॉनेट उघडलं, म्हणाले कार्बोरेटर ओव्हरफ्लो मारतोय, त्याचं किट म्हणजे सुई-गॅस्केटचा नवा संच टाकला, ट्युनिंग केलं, बिल दिलं. आठ दिवस वास नाही. मग गावाला जायचं म्हणून टाकी फुल्ल केली आणि घरी येईपर्यंत परत तोच वास. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली की च्यायला, आधीही टाकी फुल्ल केल्यावरच वास आला होता. गळत होता तो मागचा टाकीच्या तोंडाचा रबरी पाइप, आणि किट बदललं पुढच्या कार्बोरेटरचं.

तर हा सगळा लेख त्या एका चुकीमुळे आहे. जुन्या गाडीचं पेट्रोल गळणं तसं फार अवघड काम नसतं, रबर सुकलेलं असतं, क्लिप सैल असते नाहीतर पत्रा गंजलेला असतो, अवघड असतं ते नेमकं कुठून गळतंय ते शोधणं आणि त्यानंतर तो पार्ट मिळवणं. मी मेकॅनिक नाही, पण ह्या गाडीच्या नादाने बरंच शिकलोय, जे शिकलो ते नव्या माणसाला समजेल असं लिहितोय. ८०० चं उदाहरण घेतलंय कारण तीच माहितीये, पण कार्बोरेटरवाली ओम्नी, पद्मिनी, अँबेसेडर असेल तरी शोधायची पद्धत हीच.

आधी भीतीचं बोलून घेऊ

पेट्रोलच्या वाफेला उन्हाळा लागत नाही, शून्याच्या खाली चाळीस अंशांवरही ती पेट घेऊ शकते. आणि ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणजे ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, उतारावरून खाली जाते, खड्ड्यात साचते. म्हणून बेसमेंट पार्किंगमध्ये, बंद गॅरेजमध्ये, किंवा बाथरूमचा गॅस गीझर जवळ आहे अशा बोळात हे काम करायचं नाही. उघड्यावर, सावलीत, इंजिन पूर्ण गार झाल्यावर. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, १० नंबरचा पाना लागतो. वायरचा जुना हँडलॅम्प घेऊ नका, बल्ब फुटला की संपलं, एलईडी टॉर्च वापरा. पावडरवाला एबीसी अग्निशामक हाताशी ठेवा, पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर आग पाण्यावर तरंगत पसरते. आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची आपल्याकडची जुनी सवय आहे ना, ती सोडा. घोटभर जरी छातीत गेलं तरी फुप्फुसाला सूज येऊन दवाखाना लागतो. हाताने दाबायचा रबरी पंप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

धार लागली असेल, किंवा पेट्रोल गरम सायलेन्सरवर नाहीतर प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आसपास पडत असेल तर शोधत बसायचं नाही, गाडी सुरूही करायची नाही, ढकलून मोकळ्यावर काढा आणि टो करून न्या. थेंब थेंब आणि धार ह्यातला फरक ओळखता आला पाहिजे.

आता पेट्रोलचा रस्ता समजून घ्या

टाकी मागे खाली, २८ लिटरची. तिथून गाडीच्या पोटाखालून लोखंडी पाइप पुढे येतो, टोकांना रबरी पाइपचे तुकडे जोडलेले असतात. मग फिल्टर, मग मेकॅनिकल पंप, जो इंजिनाच्या कॅमवर, म्हणजे आतल्या फिरत्या उंचवट्यावर, चालतो आणि आतला रबरी पडदा म्हणजे डायफ्राम वरखाली करून पेट्रोल ओढतो. पंपापुढे कार्बोरेटर, जिथे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जातं. जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइनही असते, आणि टाकीला श्वास घ्यायला ब्रीदरची नळी. एवढंच. मारुतीच्या ह्या कार्बोरेटर आणि पंपांचं काम चेन्नईच्या यूकॅलने जपानच्या मिकुनीच्या तंत्रावर केलेलं, म्हणून दुकानात कधी मिकुनी म्हणतात कधी यूकॅल, गोंधळून जाऊ नका.

२००० च्या आसपास ८०० ला एमपीएफआय आलं, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी इंजेक्शनची पद्धत, त्यात पंप टाकीतच असतो, विजेवर चालणारा. तुमची गाडी त्यातली असेल तर खाली एक वेगळा परिच्छेद आहे तो वाचल्याशिवाय काही उघडू नका.

कधी गळतं त्यावरून कुठे गळतं

एक वही घ्या नाहीतर मोबाइलमध्ये लिहा, चार-पाच दिवस. टाकी किती भरलेली, गाडी चालू की बंद, सकाळी वास की चालवून आल्यावर, चढावर लावली होती का. हे कंटाळवाणं वाटतं पण माझे किटचे पैसे ह्याच कंटाळ्यात गेले.

टाकी फुल्ल केल्यावर वास येतो आणि पाव-अर्धी टाकी संपली की आपोआप गायब होतो, तर दोष टाकीच्या वरच्या भागात. म्हणजे पेट्रोल ओतायच्या नळकांड्याला टाकीशी जोडणारा जाड रबरी पाइप, ब्रीदरची नळी, झाकणाचं रबर, किंवा पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या फ्लोटच्या युनिटखालचं गॅस्केट म्हणजे जोडातली चकती. वळणावर जास्त वास आला तर अजूनच खात्री.

गाडी रात्रभर उभी, टाकीत कितीही पेट्रोल असो, सकाळी मागच्या बाजूला डाग, तर टाकीचा तळ, तळाची शिवण, ड्रेन बोल्ट, नाहीतर टाकीतून निघणारा पहिला रबरी तुकडा.

फक्त इंजिन चालू असतानाच गळतं आणि बंद केल्यावर थोड्या वेळात थांबतं, तर पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा भाग, कारण दाब फक्त तिथेच असतो. फार नसतो तो, मेकॅनिकल पंपाचा दाब पाव बारच्या आसपास, पण फाटक्या नळीला तेवढा पुरतो.

आता एक फसवं प्रकरण. टाकी ते पंप ह्या भागात इंजिन चालू असताना दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तिथली नळी चिरली असेल तर चालू गाडीत ती पेट्रोल बाहेर टाकायच्या ऐवजी हवा आत ओढते. म्हणजे गळती दिसतच नाही, उलट गाडी चढावर दम टाकते, झटके देते, सकाळी दहा वेळा स्टार्टर मारावा लागतो, आणि आपण प्लग बदलत बसतो. उभी असताना, त्यातही नाक खाली करून उतारावर लावली तर तिथूनच थेंब पडतात. ज्या गाडीला एकाच वेळी पिकअपची तक्रार आणि सकाळचा वास आहे तिथे आधी ह्या नळ्या बघा.

चालवून आल्यावर गरम बॉनेटमधून अर्धा तास हलका वास येतो आणि कुठेही ओलं नाही, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उष्णतेने उडतंय, जुन्या गाड्यांना थोडं असतं ते. पण कार्बोरेटरच्या बाहेरून ओघळ दिसला, धूर काळा आणि अॅव्हरेज पडलं, तर वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाहीये.

जागा पक्की करायची पद्धत सोपी आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, चारही चाकांच्या जागा पेनाने आखा, सकाळी डाग कशाच्या खाली येतो ते कळतं. पेट्रोल उडून जातं म्हणून पुठ्ठा पहाटेच बघा, नऊला उठून बघितलात तर फिकट पिवळसर कडा उरलेली असते फक्त. संशयाचे जोड फडक्याने कोरडे करून त्यावर घामोळ्याची पावडर भुरभुरा, ओली रेघ लगेच उमटते. पुठ्ठ्यावर एसीचं पाणी, ब्रेक ऑइल, कूलंट हेही पडतं, टिश्यूने टिपून वास घ्या. जुनी गळती असेल तर तिथली धूळ धुतली गेल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसतो किंवा तपकिरी डिंकासारखा थर.

रबरी पाइप बदलणं, म्हणजे दहातली सात कामं

हे कोणीही करू शकतं. टाकीचं झाकण उघडून दाब सोडा आणि परत लावा. नळीखाली पत्र्याचा डबा ठेवा. नळी काढायच्या आधी टाकीकडून येणारं टोक बंद करायची तयारी ठेवा, नाहीतर टाकी वर असली की पेट्रोल येतच राहतं आणि तुम्ही बोट लावून बसता, मी बसलोय, पंधरा मिनिटं, आणि मुलाला हाका मारत होतो की एक बोल्ट आण रे. नळीत घट्ट बसेल असा स्वच्छ बोल्ट आधीच शोधून ठेवा.

क्लिप सैल करा, पण जुनी नळी पक्कडीने ओढून उपटू नका, वीस-पंचवीस वर्षांत ती धातूला चिकटलेली असते आणि कार्बोरेटरचा निपल, म्हणजे नळी चढवायचं धातूचं तोंड, वाकतो किंवा हातात येतो, मग पाचपन्नास रुपयांच्या नळीपायी कार्बोरेटर शोधत फिरा. ब्लेडने उभी चिरा आणि सोलून काढा, निपलवर ओरखडा येऊ द्यायचा नाही. निपलची कड फडक्याने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर.

नवी नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा, तिरकी नको. निपलच्या फुगीर कडेच्या पुढे जाईल इतकी, साधारण इंचभर आत ढकला, आणि क्लिप त्या फुगवट्याच्या मागे घ्या, फुगवट्यावर नाही. चढत नसेल तर नळीचं टोक कोमट पाण्यात बुडवा, ग्रीस-तेल लावू नका. नेहमीच्या आट्यांच्या पट्टीवाल्या क्लिपा बारीक नळीत रुततात आणि वर्षभरात तिथेच चिरतात, त्यापेक्षा गुळगुळीत पट्टीच्या नट-बोल्टवाल्या फ्युएल क्लिपा घ्या, थोड्या महाग. आवळताना नळी किंचित दबली की थांबा, जोर दाखवायची ही जागा नाही. निपलवर टेफलॉन टेप गुंडाळणं, सिलिकॉन फासणं हे प्रकार करू नका, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये जेलीसारखं होतं आणि त्याचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतात.

एक नळी फाटली म्हणजे बाकीच्या त्याच वयाच्या आहेत हे विसरू नका. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे, रिटर्नसुद्धा, आणि फिल्टर एकाच दिवशी बदलून टाका. फिल्टरवर बाण असतो, तो पंपाकडे म्हणजे पेट्रोल वाहतं त्या दिशेला.

मग बॅटरी जोडा, दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला लावा आणि तुम्ही टॉर्च घेऊन बघा. दहा मिनिटं चालू ठेवा, प्रत्येक जोड बोटाने तपासा, दोन दिवसांनी परत एकदा, कारण नवं रबर बसतं आणि क्लिप पाव आटा सैल होते.

पंप गळत असेल तर

पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं आहे, डायफ्राम फाटला की तिथून पेट्रोल ठिबकून तुम्हाला कळावं म्हणून. काही हुशार लोक ते भोक एम-सीलने बुजवतात. मग पेट्रोल बाहेर न येता थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन खाऊन टाकतं. म्हणून पंपाचा संशय आला की आधी डिपस्टिक म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला, ऑइल फिल्टरसकट.

पंप दोन बोल्टांवर असतो. काढण्याआधी कोणती नळी कुठे जाते त्याचा फोटो काढा आणि नळ्यांना रंगीत टेप लावा, उलटसुलट लागली की गाडी सुरूच होत नाही. पंप आणि इंजिनाच्या मधे जो जाड तुकडा आणि गॅस्केट असतं त्याची जाडी महत्त्वाची, तो फक्त उष्णता अडवत नाही, कॅम पंपाचा जो दांडा हलवतो त्याची झेपही त्यावर ठरते. पुठ्ठ्याचं घरगुती गॅस्केट कापून दोन थर लावले तर पंप कमी ओढणार. नवा पंप बसताना एकदम अडला तर कॅम वर आलेला असतो, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून जराशी ढकला, कॅम खाली जातो आणि पंप अलगद बसतो. बोल्ट आलटूनपालटून आवळा.

कार्बोरेटरचं जरा थोडक्यात, कारण नव्या माणसाने तो पूर्ण खोलू नये असं माझं मत आहे. ओव्हरफ्लो होत असेल तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर वाटीच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोनचार हलके टकटक करा, सुईत अडकलेला कचरा कधीकधी सुटतो. सुटला तर मूळ रोग टाकीतला गंज किंवा सडका फिल्टर आहे हे समजा. नाही सुटला तर किट टाकावं लागेल, सुई, तिची सीट, गॅस्केट सगळं येतं त्यात, आणि ते जुन्या हाताच्या माणसाकडून करून घ्या. जेटमध्ये तार घालणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

टाकी

कोकणातल्या आणि मुंबईच्या गाड्यांचा हा खास रोग, खारी हवा आणि पावसाळ्यात तळाला चिकटलेला चिखल. शिवणीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. रस्त्यात असताना गळायला लागली तर अंगाचा नाहीतर कपड्याचा साबण ओला न करता भोकावर घासून दाबून बसवा, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, घरी पोचेपर्यंत टिकतं. आमच्याकडे जुने ड्रायव्हर डिकीत साबणाची वडी ठेवायचे ती ह्यासाठी. एम-सील लावायचं तर पत्रा पूर्ण कोरडा पाहिजे, म्हणजे टाकी भोकाच्या खालपर्यंत रिकामी करून, घासून, आणि तेही तात्पुरतंच.

कायमचं काम म्हणजे टाकी उतरवून जोडकाम. आणि इथे हात जोडून सांगतो, घराजवळच्या ग्रिलच्या वेल्डिंगवाल्याकडे टाकी नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, कारण आत हवा आणि वाफ हवी त्या प्रमाणात मिसळलेली असते, ठिणगीला बॉम्बच. रेडिएटर दुरुस्ती करणारे लोक हे काम करतात, ते आधी गरम पाण्याने, वाफेने धुऊन घेतात मग झाळ लावतात. चार ठिकाणी गळत असेल तर झाळ लावत बसू नका, टाकीच बदला.

एमपीएफआयवाल्यांसाठी

तुमच्या लाइनमध्ये अडीच-तीन बार दाब असतो, म्हणजे आमच्या दहापट, आणि गाडी बंद केल्यावरही तो राहतो. नळी सोडली की पेट्रोलचा फवारा डोळ्यात. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, गाडी बंद पडेपर्यंत चालवायची, दोनदा स्टार्टर मारायचा, मग बॅटरी काढायची. आणि कार्बोरेटरची नळी ह्या गाडीला चालत नाही, कितीही जाड दिसली तरी. पहिल्याच वेळी करताय तर मेकॅनिकला बरोबर घ्या.

पार्ट कुठून आणायचे

मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि जानेवारी २०१४ ला बंद झाली, एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या की पार्टचा तुटवडा पद्मिनीवाल्यांसारखा नाही. पद्मिनी कुर्ल्यात बनायची आणि मुंबईत टॅक्सीवाले होते तोपर्यंत सगळं मिळायचं, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या टॅक्सीही गेल्या, त्यामुळे पद्मिनी असेल तर आत्ताच दोन जास्तीचे पंप घेऊन ठेवा असं मी माझ्या मित्राला सांगत असतो. ८०० वाल्यांना मोठा आधार ओम्नीचा, कार्बोरेटरवाल्या दोन्ही गाड्यांत तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, म्हणून इंजिनाच्या आसपासचे बरेच पार्ट जुळतात. टाकी, टाकीचे पाइप हे जुळत नाहीत, बॉडी वेगळी. पाकिस्तानात हीच गाडी सुझुकी मेहरान म्हणून २०१९ पर्यंत निघत होती, तिथल्या लोकांचे दुरुस्तीचे व्हिडिओ बघायला फार उपयोगी पडतात.

दुकानात जाताना तीन गोष्टी न्या. जुना पार्ट, तोही पुसून, पेट्रोल गळत नाही असा पिशवीत. आरसी बुकाचा फोटो, त्यात बनवल्याचा महिना-साल आणि चेसिस नंबर असतो. आणि पार्ट नंबर, जमल्यास. काउंटरवरचा पोरगा विचारतो, "कुठली, जुनी का नवी?" आणि आपण "नवी" म्हणतो कारण आपल्याला ९७ च्या फेसलिफ्टपासूनची नवी वाटते, त्याच्या डोक्यात नवी म्हणजे एमपीएफआय. त्यापेक्षा "कार्बोरेटर, ९६" एवढंच सांगा. सुझुकीच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे कोणता पार्ट ते सांगतात, १५१०० म्हणजे फ्युएल पंप, १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर, पुढचे आकडे मॉडेलचे. पहिले पाच जुळले म्हणून घेऊ नका, सगळा नंबर जुळवा आणि तरी जुना पार्ट शेजारी ठेवून भोकं, नळ्यांची दिशा, दांड्याची लांबी मोजा.

आधी मारुतीच्या अधिकृत पार्टच्या काउंटरला विचारा, तिथे नाही म्हणाले तर "नंबर बंद झालाय का, की बदललाय" असं विचारा, कारण कधीकधी जुना नंबर नव्या नंबरात गेलेला असतो आणि कॉम्प्युटरवर ते दिसतं, पण विचारल्याशिवाय कोणी बघत नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसची बाजू, दिल्लीला कोणी जात असेल तर काश्मिरी गेट, बंगळुरूला जेसी रोड. पण माझा अनुभव असा की तालुक्याच्या गावातलं तीस वर्षं जुनं दुकान, जिथे मालक काका स्वतः गल्ल्यावर बसतात आणि डोक्याने सगळं लक्षात ठेवतात, तिथे जे निघतं ते मोठ्या बाजारात नाही निघत. "काका, ८०० चा जुना पंप असेल का हो?" म्हटलं की ते माळ्यावर पोराला चढवतात. धूळ खाल्लेला डबा खाली येतो, भाव जुनाच.

फक्त माळ्यावरचं रबर घेऊ नका, हे मी पैसे घालवून शिकलो. टाकीच्या तोंडाचा तो जाड पाइप मला असाच ओरिजिनल, पॅकिंगसकट मिळाला, खूप खूश झालो, सहा महिन्यांत चिरला. पॅकिंगमध्ये असला तरी रबर म्हातारं होतच असतं. धातूचा जुना माल चालतो, रबराचा ताजा हवा. डायफ्रामवाला पंप जुन्या डब्यातला असेल तर तोही रबरच आहे हे लक्षात ठेवा.

नळी रोलमधून फूट भावाने कापून मिळते. आपल्या निपलवर जुना तुकडा दाखवून आतला व्यास जुळवा. नळीवर छापलेला दर्जा वाचा, एसएई जे३० आर७ (SAE J30 R7) असेल तर कार्बोरेटरला चालते, आर९ असेल तर उत्तम, ती इंजेक्शनच्या दाबाची आणि आतला थर इथेनॉल सोसणारा. काहीच छापलेलं नाही तर ती पाण्याची, हवेची काहीही असू शकते. टाकीच्या जाड पाइपासाठी बरेच मेकॅनिक रेडिएटरचा होज कापून लावतात, जाडी जुळते म्हणून. करू देऊ नका, ते रबर पाण्याचं, पेट्रोलमध्ये फुगून लोळागोळा होतं. मी शेवटी पेट्रोलसाठीच बनवलेला जाड होज मागवून लावला, तो अजून कोरडा आहे.

इथेनॉलमुळे हे सगळं जास्त महत्त्वाचं झालंय. आता पंपावर सर्रास ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि आपल्या गाडीचं मूळ रबर त्यासाठी बनलेलंच नाही. रबर फुगतं, कडक होतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिंक ते सोडवतं आणि तो सगळा फिल्टरला येतो. म्हणून पहिल्या वर्षी फिल्टर दोनदा बदला. सीएनजी-एलपीजीवर चालवणाऱ्यांचं उलटंच, त्यांच्या पेट्रोलच्या नळ्या आणि डायफ्राम कोरडे पडून तडकतात, आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवत जा.

भंगार बाजाराचंही सांगतो, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार. टाकी, धातूचे पाइप, ब्रॅकेट, कार्बोरेटरची बॉडी हे तिथून घ्यायला हरकत नाही, टाकी घेताना आत टॉर्च मारून तळ बघा आणि बाहेरून तळाला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, मऊ लागला तर ठेवून द्या. रबर, पंप, फिल्टर, गॅस्केट तिथून नाही. आणि कच्ची का होईना पावती मागा, आकडे खोडलेला माल फुकट दिला तरी नको.

डुप्लिकेट पंप ओळखायचा तर हातात घेऊन दांडा दाबा, नळीच्या तोंडावर बोट ठेवून, चांगला पंप ओढ धरून ठेवतो, हलका लगेच सोडतो. कास्टिंगच्या कडा खरखरीत, नंबर उठावदार नसून नुसता चिकटवलेला, बोल्टची भोकं किंचित ओढलेली, असं दिसलं तर परत करा.

माझ्या डिकीत आता एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो, त्यात दोन फूट नळी, सहा क्लिपा, एक फिल्टर, नळीत बसणारे दोन बोल्ट, ब्लेड आणि साबणाची वडी. बायको म्हणते साबण तरी चांगला ठेव, हात धुवायला होईल.